तिसरा फड

ऐन गाळपाच्या हंगामात गावाहून थोरल्या भावाचा फोन आला. “कागद वाचायला ये,” एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. आमच्या घरी ‘कागद’ म्हटलं की सातबाऱ्याचा उतारा, सोसायटीची थकबाकी किंवा कोर्टाचं समन्स यांपैकीच काहीतरी असतं. त्यामुळे शनिवारी सकाळी नाशिक रस्त्यानं निघालो तेव्हा चाकण, राजगुरुनगर ओलांडून मंचर येईपर्यंत डोक्यात बांधाचे जुने तंटे घोळत होते. आमचं गाव मंचरच्या पुढं, घोड नदीच्या काठाला. घरी पोचलो तर बांधाबिंधाचं काही नव्हतं. कागद पुतणीच्या नोकरीचा होता.

पोरगी गेल्या वर्षी कॉम्प्युटरची इंजिनिअर झाली. तेव्हापासून अर्ज करतेय. दोन-तीनदा हिंजवडीला परीक्षा देऊन आली, एकदा खराडीला. आता एका कंपनीनं तिला पत्र दिलं होतं. इंग्रजी अकरा पानं. कंपनी पदवीधरांना घेते, तीन महिने शिकवते आणि मग आपल्या ग्राहकांच्या कचेऱ्यांमध्ये नेऊन बसवते. शिकण्याच्या काळात पगार नाही. नंतर दोन वर्षं देशात पाठवतील तिथं जायचं. मध्येच सोडलं तर तीन लाख रुपये भरायचे. मूळ गुणपत्रिका कंपनीकडे जमा. आणि जामीन म्हणून वडिलांची सही, सोबत वडिलांच्या खात्याचे दोन कोरे, सही केलेले चेक.

दादानं चेकबुक कपाटातून काढून टेबलावर ठेवलंच होतं. चष्मा पुसून, पेनाचं टोपण काढून तो बसला होता. “कुठं सही करायची तेवढं दाखव,” म्हणाला.

मी सातव्या पानावर थांबलो. ते पान मी पूर्वी वाचलं होतं. कंपनी वेगळी, रक्कम वेगळी, पण वाक्याची घडण तीच. १९९८ साली पुण्यात, डेक्कनच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, त्या वाक्याखाली आमच्या आबांनी सही केली होती.

मी तेव्हा बी.एस्सी. होऊन वर्षभर घरी होतो. आबांच्या मते घरी, माझ्या मते ‘प्रयत्नात’. पेपरात जाहिरात आली: पदवीधर पाहिजेत, कोबोल शिकवू, नोकरीची हमी. जगभरच्या कॉम्प्युटरांना तेव्हा एक विचित्र रोग जडला होता. जागा वाचवायची म्हणून जुन्या प्रोग्रामांत साल लिहिताना शेवटचे दोनच आकडे ठेवले होते. म्हणजे १९७५ साली जन्मलेल्या माणसाचं वय काढायचं तर ९८ मधून ७५ वजा केले की झालं. पण २००० साल उजाडलं की शून्यातून ७५ वजा, म्हणजे वय उणे पंचाहत्तर! व्याज, पेन्शन, विम्याचे हप्ते, सगळ्यांचं हेच होणार होतं. लाखो ओळी उघडून तारखा दुरुस्त करायला माणसं हवी होती, आणि ती नेमक्या एका मुदतीच्या आत हवी होती. एवढी माणसं तयार नव्हती, म्हणून घाऊक प्रमाणात तयार करणारे कारखाने निघाले. आमची कंपनी त्यातलीच एक छोटी.

आबा सोबत आले, कारण जामीन पाहिजे होता. पांढरा सदरा, टोपी, पिशवीत सातबारा. कुणी मागितला नव्हता तरी आणलेला. तिथल्या अधिकाऱ्यानं मराठीत समजावलं की मुलानं दोन वर्षं पुरी केली नाहीत तर पन्नास हजार भरावे लागतील. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग उचल कधी देता?”

“उचल नाही बाबा, ट्रेनिंग देतो आम्ही.”

“ट्रेनिंग पोरगं घेईल. पर मी पन्नास हजार फेडायची सही करतोय, तर ते पन्नास हजार दिले कुणी नि घेतले कुणी?”

अधिकारी हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजूबाजूला शहरातली मुलं, त्यांचे शर्टपँटीतले वडील, आणि आमचे आबा ऊसतोडीची भाषा बोलत होते! “आबा, सही करा,” मी दातओठ खाऊन म्हणालो. त्यांनी केली. पोराला नोकरी मिळत होती.

त्या प्रश्नाचं मोल कळायला मला बरीच वर्षं लागली.

आमच्या जुन्नर-आंबेगावात ‘फड’ या शब्दाला दोन अर्थ. एक उसाचा. भीमाशंकर नाहीतर विघ्नहर कारखान्याची तोड सुरू झाली की बीड-पाथर्डीकडून टोळ्या येतात. टोळीचा मुकादम कारखान्याशी करार करतो आणि हंगामाआधी घरोघर फिरून मजुरांना उचल देतो. माणसं मोजायची तऱ्हा अशी की नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम म्हणतो, “यंदा आपल्याकडं तीस कोयते आहेत.” उचल अंगावर असेपर्यंत कोयता दुसरीकडं जाऊ शकत नाही, आणि हंगाम संपून फिटली नाही तर पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते.

दुसरा फड तमाशाचा, आणि त्याचं बाजारगाव नारायणगाव. गुढीपाडव्याच्या आगेमागे तिथं फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच जत्रेसाठी तमाशा ठरवायला येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, कलाकार किती, गाड्या किती विचारतात, घासाघीस होते आणि सुपारी फुटते. कलाकारानंही हंगामाच्या आधी मालकाकडून उचल घेतलेली असते. तरी या फडात एक गोष्ट आहे: राहुटीवर पाटी नावाची असते. विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या, पण नारायणगावात त्यांचं नाव सांगावं लागत नाही.

मी गेलो तो तिसरा फड. इथं कोयत्याला ‘रिसोर्स’ म्हणतात. “आमच्याकडे कोबोलचे बावीस रिसोर्स आहेत,” असं आमचा मुकादम, म्हणजे व्यवस्थापक, फोनवर ग्राहकाला सांगायचा. त्या बावीसांत एक मी. मात्र आबांनी बोट ठेवलं होतं तो फरक मोठा होता. ऊसतोडवाल्याच्या हातात आधी रोख पैसे पडतात. त्यातून तो मुलीचं लग्न करतो, दवाखाना भागवतो. मुकादमाच्या अन्यायाबद्दल लिहावं तेवढं थोडं, पण पैसा पडतो. आमच्या हातात काहीच पडलं नव्हतं. शिक्षणाची किंमत कंपनीनंच ठरवली होती, आणि ते शिक्षण म्हणजे आठ आठवडे, एका पडद्यासमोर तिघं, भाड्याच्या यंत्रावर रात्रपाळीत. न घेतलेली उचल फेडायचा तो करार होता.

हे काही आमच्याच कंपनीचं डोकं नव्हतं. आपल्याकडचा सॉफ्टवेअरचा धंदा उभाच राहिला तो माणूस ग्राहकाच्या दारी पाठवून. १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सुरू झाली. फकीरचंद कोहलींच्या काळात, १९७४ च्या सुमारास, अमेरिकेच्या बरोज कंपनीसाठीची कामं तिच्याकडं आली. कॉम्प्युटर आयात करणं महाग आणि परवान्यांच्या जंजाळातलं. त्यापेक्षा माणूस विमानात बसवून यंत्रापर्यंत नेणं सोपं होतं. पुण्यात १९८१ मध्ये नारायण मूर्ती आणि सहा सहकाऱ्यांनी इन्फोसिस काढली. सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजारांची गोष्ट सर्वांना पाठ असते. पण पहिल्या काळात मूर्ती इथं राहिले आणि बाकीचे सहकारी अमेरिकेत ग्राहकाकडे जाऊन काम करत होते, हे फारसं सांगितलं जात नाही. परक्याच्या कचेरीत जाऊन बसणं ही या धंद्याची जन्मखूणच आहे. त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्या सात जणांचे मालक ते स्वतःच होते.

शरद पवार जाहीर भाषणांत एक आठवण सांगतात. हिंजवडीला साखर कारखान्याच्या भूमिपूजनाला ते गेले आणि तिथंच म्हणाले, कारखाना दुसरीकडं न्या, इथं आयटी पार्क करू. मी हे ऐकतो तेव्हा मला आबा आठवतात. ते म्हणाले असते, जागा तीच राहिली, कोयते बदलले.

असो. तर मला मुंबईला पाठवलं. एका परदेशी बँकेची कचेरी, नरिमन पॉइंटला. जायच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकानं माझी माहिती छापलेला कागद हातात दिला. त्यावर माझं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं: कोबोलचा अनुभव, दोन वर्षं. मी म्हणालो, “सर, दोन महिने.” ते म्हणाले, “ग्राहकाला दोन वर्षांचा माणूस पाहिजे. पाठ करून घ्या.” त्या कागदावर मी नसलेल्या एका कंपनीत, नसलेल्या एका प्रकल्पावर काम केलं होतं. मी पाठ केलं. नाही म्हणालो असतो तर पन्नास हजार, हा हिशेब मनात होताच, पण सगळं ओझं त्याच्यावर टाकणं खरं नाही. मुंबईची मोठी बँक, गळ्यात ओळखपत्र, हेही मला हवं होतं. त्या खोटेपणात मी अर्ध्याचा भागीदार होतो.

मुंबईत राहायला मामाच्या खोलीवर. मामा डबेवाला. मुंबईचे डबेवाले आमच्याच मुलखातले: जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेला धंदा. खोलीत आठ जण, आणि सगळ्यांच्या सायकली जिन्याखाली. रात्री मामा मला विचारायचा, “तुझी लाइन कुणाची?” डब्याच्या धंद्यात प्रत्येकाची लाइन ठरलेली, गट ठरलेला आणि महिन्याचा हिशेब गटात वाटून घ्यायचा. गटातल्या माणसाला गिऱ्हाईक किती देतं हे तोंडपाठ असतं. मी म्हणालो, मला पगार साडेचार हजार. “ते कळलं,” मामा म्हणाला, “पर बँक तुझ्या मालकाला काय देती?” मला माहीत नव्हतं. आठही जण माझ्याकडं असे बघायला लागले, की जणू मी अंगठेबहाद्दर.

बँकेत पहिल्या आठवड्यातच माझं पितळ उघडं पडलं. मेनफ्रेमवर एक चूक फार नेहमीची: आकड्याच्या जागी आकडा नसलेलं काही आलं की काम मध्येच कोसळतं आणि पडद्यावर ‘एस झिरो सी सेव्हन’ असा शेरा येतो. कोबोलमध्ये महिनाभर खरोखर काम केलेल्यालाही तो ओळखीचा असतो. माझ्या पडद्यावर तो आला आणि मी शेजारच्या बाईंना विचारलं, “हे काय आहे हो?”

बाई पन्नाशीच्या, बँकेत वीस वर्षं काढलेल्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्हाला अनुभव किती?”

“दोन वर्षं.”

“आणि दोन वर्षांत याची कधी गाठ पडली नाही?”

मी गप्प. कान तापले होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “उद्यापासून साडेआठला येत जा. दहाला साहेब येतात.” पुढचे तीन महिने रोज सकाळी दीड तास त्यांनी मला शिकवलं. आठ आठवड्यांच्या त्या प्रशिक्षणाची किंमत पन्नास हजार होती. या दीड तासांचं बिल कुणी लावलं नाही. मी एकदा विचारलं, तुम्ही तक्रार का केली नाही? म्हणाल्या, “केली असती तर तुमच्या कंपनीनं दुसरा पाठवला असता. त्यालाही शिकवावंच लागलं असतं.”

मामाच्या प्रश्नाचं उत्तरही त्या कचेरीतच मिळालं. एका सकाळी झेरॉक्स यंत्रावर आमच्या कंपनीचं बिल विसरलेलं सापडलं. माझ्या नावापुढं महिन्याला अठ्ठावीस हजार. हातात साडेचार. मी तो कागद जागेवर ठेवून दिला. संध्याकाळी मामाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मधल्यानं घ्यावं, पर सांगून घ्यावं.” मला अजूनही यापेक्षा न्याय्य वाक्य या विषयावर सापडलेलं नाही. कारण मधल्या माणसाचा खर्च असतो हे मलाही पुढं कळलं. काम नसलेल्या दिवसांचा पगार, जागेचं भाडं, बुडीत बिलं. बावीसातले सगळेच काही कायम कामावर नसायचे. पण फरक किती आहे ते झाकून ठेवायचं आणि पोराला मात्र ‘तुझ्यावर आम्ही खर्च केलाय’ असं रोज ऐकवायचं, हे मनात सलायचं.

३१ डिसेंबर १९९९ ची रात्र मी त्या बँकेच्या तळघरात काढली. बिस्किटांचे पुडे, थर्मासमध्ये चहा, भिंतीवर मोठं घड्याळ. बारा वाजले. काही झालं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, “दीड वर्ष राबलो ते काही होऊ नये म्हणून, आणि आता लोक म्हणतील, काही होणारच नव्हतं.” तसंच झालं. सगळ्या तारखा काही मुळातून सुधारल्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. पुष्कळ ठिकाणी ‘खिडकी’ ठेवली होती: आकडा अमुकपेक्षा लहान असला तर साल दोन हजाराच्या पुढचं समजायचं. तात्पुरती डागडुजी. ती पुढं कुणी उघडून पाहिली असेल, देव जाणे.

मार्चमध्ये मी बाकावर आलो. या धंद्यात ग्राहकाकडून परत आलेल्या माणसाला ‘बेंचवर’ म्हणतात. डेक्कनच्या त्याच दुसऱ्या मजल्यावर आम्ही नऊ जण रोज जाऊन बसायचो, अर्ध्या पगारावर. बावीसातले सहा तोवर अमेरिकेला गेले होते. तिकडच्या १९९० च्या कायद्यानं एच-वन-बी परवान्यांची मर्यादा ६५ हजार ठेवली होती. ती १९९९ आणि २००० साठी १ लाख १५ हजार आणि पुढची तीन वर्षं १ लाख ९५ हजारांवर गेली. दारं सताड उघडी होती. २००१ मध्ये तिकडची हवा गेली तेव्हा त्या सहांतले दोघं परत आले, एकजण तर लग्न ठरलेलं मोडून. शियांग बियाओ नावाच्या चिनी अभ्यासकानं हैदराबादहून सिडनीला असे पाठवले जाणारे तरुण कसे जगतात, यावर २००७ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. बाक आणि दलाल दोन्ही त्यात आहेत, आणि मुलाच्या ‘परदेशी’ असण्यावर वाढत जाणारा हुंडाही आहे. बाक हा प्रकार अजून संपलेला नाही. २०२५ च्या जूनमध्ये टीसीएसनं नियम केला की माणसानं वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असावं आणि ३५ दिवसांच्या वर बाकावर राहू नये. आणि अमेरिकेनं त्याच वर्षी सप्टेंबरात एच-वन-बीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं.

आमच्या कंपनीचं काय झालं? २००० च्या दिवाळीनंतर एका सकाळी दाराला कुलूप. पन्नास हजार मागायला कुणी उरलंच नाही. माझी मूळ गुणपत्रिका मात्र आत होती. ती मिळवायला पाच महिने लागले, वॉचमनला दोनशे रुपये देऊन. त्यानंतरची माझी वाट बरी झाली. बाईंनी शिकवलेलं कोबोल मला वीस वर्षं पुरलं, आणि आजही पुण्यात माझं घर त्याच्यावर चालतं. ती कंपनी नसती तर मी बँकेत पोचलो नसतो, हेही मला नाकारता येत नाही.

हे सगळं मी दादाला आणि पुतणीला सांगितलं. दादानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, “चल, फडावर जाऊन येऊ.”

आमच्या तुकड्यात तोड चालू होती. सूर्य कलला होता, मोळ्या बांधणं चाललं होतं. बिबट्याच्या भीतीनं बायका पोरांना जवळ घेऊन बसल्या होत्या. बांधावर उभं राहून दादा म्हणाला, “नदीवरची पाइपलाइन कोणत्या साली झाली, ठाऊक आहे तुला?”

“२००१.”

“व्हायची होती ९८ ला. पैसे जमले होते. आबांनी मंचरच्या बँकेत ठेवून दिले. म्हणाले, पोराची सही अडकलीय, कधी लागतील सांगता येत नाही.” तीन हंगाम आमचा वरचा तुकडा कोरडा राहिला. दादा तेव्हा तिशीचा. दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी विकत घेत होता. मला कुणीच काही बोललं नव्हतं. मी मुंबईत तळघरात टाळ्या वाजवत होतो.

“म्हणून म्हणतो,” दादा म्हणाला, “आबांनी तुझ्यासाठी केली, मी माझ्या पोरीसाठी करीन. त्यात काय एवढं.”

घरी येऊन आम्ही तिघं पुन्हा कागद घेऊन बसलो. कायद्याचं मला जेवढं माहीत आहे ते सांगितलं. नोकरी सोडली म्हणून कोर्ट कुणाला परत खुर्चीवर बसवत नाही. वैयक्तिक सेवेचा करार जबरदस्तीनं पाळायला लावता येत नाही. कंपनीनं कागदावर घातलेला आकडा आपोआप देणं लागत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमानं वाजवी तेवढीच भरपाई मिळते, लिहिलेली रक्कम ही फार तर कमाल मर्यादा. पण बाँड म्हणजे नुसता बागुलबुवा, असंही समजू नये. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये तीन वर्षांची आणि दोन लाखांची अट वैध ठरवली. ती बँक सरकारी होती, भरतीला जाहिरात आणि परीक्षेचा खर्च होता, आणि माणूस वरच्या जागेवरचा होता. पण अट म्हणून ती टिकली. आणि खरी मेख बाँडात नाहीच, ती कोऱ्या चेकात आहे. चेक वटला नाही की कलम १३८ लागतं. मग वाद नोकरीचा राहत नाही, फौजदारी होतो, आणि उभा राहतो तो ज्याची सही आहे तो. म्हणजे दादा.

पुतणी इतका वेळ ऐकत होती. म्हणाली, “काका, अनुभवाचा खोटा कागद यांनीही दिला तर?”

“तर तुझ्याकडं माझ्यासारखी बाई शेजारी बसलेली असेलच असं नाही,” मी म्हणालो. शिवाय आता पडताळणी करणाऱ्या कंपन्या निघाल्यात. खोटा अनुभव सापडला की नोकरी जाते, आणि पुढचीही मिळत नाही.

त्या रात्री तिनंच पत्र लिहिलं. मी शब्दही सांगितला नाही, फक्त दोन ठिकाणी इंग्रजी नीट केलं. तीन महिन्यांत शिकवणार काय आणि कोण? ग्राहक मिळाला नाही तर बाकावरचा पगार किती? महिन्यागणिक काम होईल तसे तीन लाख कमी होत जाणार का? गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती देईन, मूळ नाही. करारावर सही माझी राहील. वडिलांचे चेक मिळणार नाहीत.

पत्र वाचून वहिनी म्हणाल्या, “एवढं विचारल्यावर घेतील का गं तुला?” त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. वर्षभर घरी बसलेल्या पोरीच्या आईनं तो प्रश्न विचारायलाच हवा होता.

चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. मूळ गुणपत्रिका नकोत. रक्कम महिन्यागणिक कमी होईल, तसं लिहून देऊ. बाकावर अर्धा पगार. चेक मात्र एक तरी हवाच, ‘पद्धत म्हणून’. त्यांना दहा दिवसांत निर्णय पाहिजे. पुतणीनं दरम्यान त्याच कंपनीतून बंगळूरला ग्राहकाकडे बसलेली एक ओतूरची मुलगी शोधून काढलीय. ती रविवारी सुट्टीवर येतेय, आणि दोघी नारायणगावच्या स्टँडवर भेटणार आहेत. विचारायचे प्रश्न वहीत लिहून ठेवलेत. पहिलाच आहे: ‘ग्राहक तुझे किती देतो, तुला सांगितलंय का?’

दादानं चेकबुक अजून कपाटात ठेवलेलं नाही.